बारा एप्रिलनंतरची नोंद: कार्यालयाचा संगणक बंद पडल्यानंतरचे अठरा दिवस

सोमवार, ७ जुलै २०२५. आदल्या दिवशी आषाढी एकादशी होऊन गेली होती आणि जीएसटीच्या तिमाही विवरणपत्रांची घाई सुरू झाली होती. साताऱ्यात माझे कर सल्लागाराचे छोटे कार्यालय आहे. मी आणि दोन सहकारी मिळून एकेचाळीस व्यापाऱ्यांचे हिशेब पाहतो. सकाळी पावणेदहाला मुख्य संगणक सुरू केला तेव्हा निळा पडदा आला, यंत्र आपोआप पुन्हा सुरू झाले आणि पुन्हा निळा पडदा आला. तिसऱ्या वेळी विंडोजने डिस्कची तपासणी सुरू केली आणि टक्केवारीचा आकडा अकरावर येऊन थांबला. कार्यालयात अजून कोणी आले नव्हते, म्हणूनच ऐकू आले: पेटीच्या आतून, भिंतीवरच्या घड्याळापेक्षा थोड्या मंद लयीत, टक्‌ टक्‌ असा आवाज येत होता.

त्या आवाजाचा अर्थ तेव्हा मला कळत नव्हता. मी चाळीस मिनिटे यंत्र बंद-चालू करत राहिले. हार्ड डिस्कमधून असा आवाज येऊ लागला, तर तिच्या आतील वाचणारे हेड बिघडलेले असण्याची दाट शक्यता असते आणि प्रत्येक वेळी वीज दिल्यावर ते हेड चकतीवर अधिक ओरखडे पाडू शकते, हे मला त्याच दिवशी दुपारी समजले. म्हणून हे आधीच सांगते: असा आवाज आल्यास संगणक त्याच क्षणी बंद करावा, डिस्कची तपासणी सुरू झाली असली तरी ती पूर्ण होण्याची वाट पाहू नये आणि कोणी सांगितले तरी फॉरमॅट करू नये.

दुपारी नेहमीचे दुरुस्ती करणारे तंत्रज्ञ आले. त्यांनी डिस्क बाहेर काढली, आपल्या यंत्राला जोडली, आवाज ऐकला आणि अर्ध्या मिनिटात तार ओढून घेतली. "ताई, डेटा हवा असेल तर मी याला हात लावत नाही. पुण्याला, डेटा परत मिळवून देणाऱ्या प्रयोगशाळेत द्या," असे ते म्हणाले. त्यांनी मोह टाळला, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे.

आमचा सगळा हिशेब 'डी' ड्राइव्हमध्ये होता. विंडोज बिघडले तर 'सी' जातो, 'डी' राहतो, अशी समजूत आपल्याकडील बहुतेक कार्यालयांत आहे आणि विंडोज पुन्हा टाकण्यापुरती ती खरीही आहे. परंतु २०१७ साली घेतलेल्या त्या यंत्रात एक टेराबाइटची एकच डिस्क होती. सी आणि डी हे त्याच डिस्कचे दोन कप्पे होते. कपाट जळाले तर वरचा कप्पा आणि खालचा कप्पा असा भेद उरत नाही.

तरीही मी फारशी घाबरले नव्हते, कारण आमच्याकडे बॅकअप होता. दर शनिवारी संध्याकाळी माझी धाकटी सहकारी बाहेरची हार्ड डिस्क जोडायची, पडद्यावरच्या आयकॉनवर दोनदा क्लिक करायची, एक काळी खिडकी उघडून मिटायची आणि डिस्क काढून कपाटात ठेवली जायची. तो आयकॉन एका बॅच फाइलचा, म्हणजे ठरलेल्या आज्ञा ओळीने पार पाडणाऱ्या छोट्या फाइलचा होता. ती टॅलीचा, म्हणजे आमच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा, संपूर्ण फोल्डर बाहेरच्या डिस्कवर उतरवत असे. मी ती डिस्क लॅपटॉपला जोडली आणि फोल्डरांच्या तारखा पाहिल्या. शेवटची तारीख १२ एप्रिल होती. मी तीन वेळा पाहिले. त्यानंतरचे बारा शनिवार त्या डिस्कवर नव्हतेच.

कारण शोधायला दोन दिवस लागले, पण ते इथेच सांगणे योग्य होईल. एप्रिलच्या मध्यात आम्ही नवा प्रिंटर घेतला होता आणि त्याला मेमरी कार्ड घालण्याची खाच होती. विंडोजने त्या रिकाम्या खाचेला 'ई' हे अक्षर दिले. त्यामुळे बाहेरची डिस्क जोडली की ती 'एफ' होऊ लागली. बॅच फाइल मात्र 'ई' वरच लिहायला जात होती, तिथे काही नसल्याने चूक दाखवून थांबत होती आणि ती चूक वाचण्याआधीच खिडकी मिटत होती. डिस्कवरचा दिवा नेहमीसारखाच लुकलुकत होता. माझ्या सहकारीने सांगितलेले काम एकही शनिवार न चुकवता केले होते. ते काम झाले की नाही हे कसे पाहायचे, ते मी तिला कधी शिकवले नव्हते. ती रडू लागली तेव्हा मी तिला हेच सांगितले.

म्हणजे जी तिमाही भरायची होती, नेमकी तीच हातातून गेली होती. आमच्या एकेचाळीसपैकी चौतीस व्यापारी तिमाही योजनेत आहेत. एप्रिल ते जून या तिमाहीचे विक्रीचे विवरणपत्र, म्हणजे जीएसटीआर-१, भरण्याची मुदत १३ जुलै होती; मासिक भरणाऱ्या सात जणांची ११ जुलै. या तारखा चुकल्या तर दंडापेक्षा मोठे नुकसान वेगळेच असते. १४ तारखेला जीएसटीच्या पोर्टलवर खरेदीदारांचे २बी पत्रक, म्हणजे त्यांना वजावट मिळू शकणाऱ्या बिलांची यादी, तयार होते; आपल्या व्यापाऱ्याने विक्री वेळेत दाखवली नाही, तर ज्याने माल घेतला त्याच्या पत्रकात ते बिल येत नाही, त्याला कराची वजावट मिळत नाही आणि तो आपल्या व्यापाऱ्याचे पैसे अडवून धरतो. माझ्या डिस्कच्या बिघाडाचा भार अशा रीतीने मी कधी न पाहिलेल्या दुकानदारांवर पडणार होता.

मंगळवारी, ८ जुलैला, मी एकेचाळीस जणांना फोन केले. हे काम सहकाऱ्यांवर सोपवले नाही. काय झाले, कोणत्या तारखेपर्यंतचा हिशेब शाबूत आहे आणि त्यांच्याकडून काय हवे आहे, हे प्रत्येकाला तीन वाक्यांत सांगितले. पहिले चार फोन करताना आवाज कापत होता. एकच जण रागावले आणि त्यांचा राग रास्त होता. बाकीच्यांनी "कोणती बिले पाठवू?" एवढेच विचारले. आपल्यावर अशी वेळ आली तर फोन पहिल्याच दिवशी करावेत, असे मी सांगेन. मी एक दिवस 'डिस्क कदाचित चालू होईल' या आशेवर घालवला आणि तो दिवस पुढे फार जाणवला.

बुधवारी सकाळी डिस्क घेऊन मी एसटीने पुण्याला निघाले. तंत्रज्ञांनी ती चंदेरी पिशवीत घालून दिली होती. मी ती पंच्यात गुंडाळून स्टीलच्या डब्यात ठेवली आणि डबा पूर्ण रस्ता मांडीवर धरला. प्रयोगशाळेतील अर्ज दोन पानी होता. डिस्कचा अनुक्रमांक, बिघाडाची लक्षणे, बिघाडानंतर किती वेळा वीज दिली, यापूर्वी कोणी डिस्क उघडली आहे का, कोणते फोल्डर आधी हवेत, आणि या प्रक्रियेत डिस्क कायमची निकामी होऊ शकते याला संमती. 'किती वेळा वीज दिली' या रकान्यात मी खरे ते लिहिले. डिस्कमध्ये व्यापाऱ्यांची गोपनीय माहिती असल्याने गोपनीयतेचा लेखी करार मागितला. त्यांच्याकडे तयार नमुना होता, पण मागितल्याशिवाय तो पुढे आला नसता. तपासणीचे शुल्क एक हजार रुपये आणि कर धरून १,१८० रुपये झाले.

शुक्रवारी ईमेलवर अंदाजपत्रक आले: हेड बदलावे लागेल, खर्च बावीस हजार अधिक कर, म्हणजे २५,९६० रुपये, निम्मी रक्कम आगाऊ, उरलेली डेटा मिळाल्यावर. डिस्क अजून हमीत असती तरी हमीत नवी डिस्क मिळते, आतला डेटा परत मिळवून देण्याचा खर्च त्यात नसतो, हेही तेव्हाच कळले. रात्रभर विचार करून मी शनिवारी पैसे भरले. टॅलीचा डेटा पुन्हा नोंदवता आला असता. पण बॅच फाइल फक्त टॅलीचा फोल्डर उचलत होती आणि सोळा वर्षांची नोटिसांची उत्तरे, सुनावणीची टिपणे, स्कॅन केलेले आदेश हे सगळे डेस्कटॉपवर आणि डॉक्युमेंट्समध्ये होते. त्याची दुसरी प्रत जगात कुठेही नव्हती.

या सगळ्याच्या समांतर कार्यालयात दुसरे काम चालू होते. जुन्या यंत्रात नवी डिस्क घालण्याचा विचार मी सोडून दिला, कारण विंडोज १० साठी नियमित सुरक्षा सुधारणा मिळणे १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबणार होते आणि त्या यंत्राचा प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत बसत नव्हता. बुधवारी संध्याकाळी ४६,५०० रुपयांचा नवा संगणक आला. त्यावर पहिल्यांदा प्रवेश करताच मी ड्राइव्हच्या कूटबद्धतेची, म्हणजे डेटाला लागलेल्या अंकी कुलपाची, अठ्ठेचाळीस आकडी कळ छापून घेतली. नव्या विंडोजमध्ये अनेक यंत्रांवर ही कूटबद्धता आपोआप सुरू असते; पुढे यंत्र बिघडले आणि ही कळ हाताशी नसली, तर शाबूत डिस्कसुद्धा वाचता येत नाही. तो कागद आता घरी, रेशनकार्डाच्या पाकिटात आहे.

टॅली नव्या यंत्रावर टाकायला वीस मिनिटे लागली, पण परवाना सुरू करायला दीड दिवस गेला. परवाना सुरू करण्यासाठी लागणारी कळ नोंदणीकृत ईमेलवर येते आणि आमची नोंदणी २०१४ मध्ये कामाला असलेल्या एका कर्मचाऱ्याच्या ईमेलवर होती. ते गृहस्थ आता नाशिकला असतात. त्यांनी जुना पासवर्ड शोधून, आपल्या मुलाच्या मदतीने, गुरुवारी रात्री कळ पाठवली. प्रत्येक सॉफ्टवेअरच्या परवान्याचा क्रमांक, नोंदणीचा ईमेल आणि मोबाइल हे एका कागदावर लिहून ठेवणे हाही बॅकअपचाच भाग आहे, हे मी त्या दीड दिवसात शिकले. दोन खाजगी कंपन्यांच्या विवरणपत्रांना डिजिटल स्वाक्षरी लागते. ती यूएसबी टोकनमध्ये असल्याने सुरक्षित होती, फक्त तिचा ड्रायव्हर आणि पोर्टलचे स्वाक्षरीचे सॉफ्टवेअर पुन्हा टाकावे लागले. व्यापाऱ्यांचे पोर्टलचे पासवर्ड मात्र डेस्कटॉपवरच्या एका एक्सेल पत्रकात होते. ते बदलून घेण्यासाठी प्रत्येकाच्या मोबाइलवर ओटीपी जात होता, म्हणजे पुन्हा फोन.

मग १२ एप्रिलची प्रत नव्या संगणकावर चढवली. टॅलीत प्रत्येक 'कंपनी'चा, म्हणजे एका व्यापाऱ्याच्या हिशेबाचा, आकडी नावाचा एक फोल्डर असतो. तो जागेवर ठेवला की कंपनी यादीत दिसते. एकेचाळीसपैकी छत्तीस लगेच उघडल्या, पाच उघडताना चूक दाखवत थांबल्या. दुरुस्तीची सोय वापरल्यावर दोन उघडल्या. उरलेल्या तीन उघडल्या नाहीत, कारण त्या शनिवारी प्रत घेतली जात असताना शेजारच्या टेबलावरून त्यांत नोंदी चालू होत्या. लिहिली जात असलेली फाइल नुसती उतरवून घेतली तर ती अर्धी जुनी, अर्धी नवी अशी येऊ शकते. म्हणून टॅलीमधूनच बॅकअप घ्यावा, किंवा फोल्डर उचलायचा असेल तर आधी सगळ्या टेबलांवरचे टॅली बंद करावे. आमच्या कपाटात वर्षानुवर्षे प्रती होत्या. त्यांतली एकही मी कधी उघडून पाहिलेली नव्हती.

तीन महिन्यांच्या नोंदी आम्ही कशा उभ्या केल्या, ते थोडे विस्ताराने सांगते, कारण ज्यांना प्रयोगशाळेचा खर्च झेपणार नाही त्यांना हाच मार्ग आहे. आपला बराचसा हिशेब आपल्याबाहेरही साठलेला असतो. तिमाही योजनेतील व्यापारी पहिल्या दोन महिन्यांची नोंदणीकृत खरेदीदारांना दिलेली बिले पुढच्या महिन्याच्या १३ तारखेपर्यंत पोर्टलवर चढवू शकतात. आम्ही एप्रिल आणि मेची तशी चढवली होती, ती तिथून उतरवून घेता आली. पुरवठादारांनी दाखवलेली बिले पोर्टलवरच्या २ए या खरेदीच्या पत्रकात होती. ई-वे बिले, म्हणजे मालवाहतुकीची बिले, त्यांच्या वेगळ्या पोर्टलवर होती. बँकांकडून एक्सेलमध्ये उतारे मिळाले. राहिली ती जूनची विक्री आणि किरकोळ गिऱ्हाइकांची रोखीची विक्री. त्यासाठी दुकानदारांची बिलबुकेच हवी होती.

शुक्रवारी दुपारी एक किराणा व्यापारी काका कापडी पिशवीत अकरा बिलबुके घेऊन आले. कार्बनच्या जांभळ्या प्रती, पानांना गुळाचा आणि हळदीचा वास, काही ठिकाणी आकड्यांवर तेलाचा डाग. "ताई, तुमच्या मशीनला सांभाळता नाही आलं, पण हे कागद चाळीस वर्षं सांभाळतोय मी," असे म्हणून ते समोर बसले आणि पुसट आकडे वाचून दाखवू लागले. ते वाचत होते, माझी सहकारी नोंदवत होती. रात्री नऊपर्यंत त्यांचा जून पूर्ण झाला. त्या दिवशी मासिक सातही विवरणपत्रे गेली. रविवारी, १३ जुलैला, रात्री पावणेअकरापर्यंत चौतीसही गेली. न उघडलेल्या तीन कंपन्यांची विक्री आम्ही थेट एक्सेलमध्ये मांडून भरली.

जीएसटीआर-३बी, म्हणजे प्रत्यक्ष कर भरण्याचे विवरणपत्र; त्याची महाराष्ट्रासाठी तिमाही मुदत २२ जुलै होती. एकतीस वेळेत भरली. न उघडलेल्या त्या तीन कंपन्यांत मात्र आधीच्या काळातल्या काही वजावटी परत करायच्या राहिल्या होत्या, त्याची टिपणे टॅलीतच होती, आणि अंदाजाने आकडा टाकणे मला पटले नाही. प्रयोगशाळेकडून १९ तारखेला सापडलेल्या फाइलींची यादी आली होती. इथे एक सूचना: यादीत नाव दिसले म्हणजे फाइल शाबूत आहे असे नव्हे, उरलेले पैसे देण्याआधी आपण निवडलेल्या दहा-बारा फाइली उघडून दाखवायला सांगाव्यात. मी सांगितले, त्यांनी पडदा दाखवून उघडल्या. दोन स्कॅन काळे निघाले, बाकी ठीक होते. २३ तारखेला नव्या डिस्कवर डेटा हातात आला, २४ तारखेला तिन्ही विवरणपत्रे गेली. विलंब शुल्क दिवसाला पन्नास रुपयांप्रमाणे प्रत्येकी शंभर, आणि थोडे व्याज. ते मी भरले. व्यापाऱ्यांनी ते भरण्याचा प्रश्नच नव्हता.

परत आलेल्या डेटात एक अडचण अनपेक्षित होती. २०१५ पूर्वीची सगळी मराठी उत्तरे उघडल्यावर पडद्यावर इंग्रजी अक्षरे, चिन्हे आणि आकडे यांची सरमिसळ दिसू लागली. फाइली बिघडल्या नव्हत्या. त्या युनिकोडच्या, म्हणजे कोणत्याही संगणकावर मराठी दाखवणाऱ्या आताच्या पद्धतीच्या, आधीच्या डीव्हीबी-टीटी सुरेख या फाँटमध्ये टंकलेल्या होत्या आणि नव्या यंत्रात तो फाँट नव्हता. फाँटची सीडी कपाटात सापडली, पण नव्या संगणकात सीडी घालण्याची सोय नव्हती. न्यायालयाशेजारच्या टंकलेखन केंद्रातून सीडी वाचणारे यंत्र एका दुपारीपुरते आणले, फाँट बसवला आणि 'मा. विक्रीकर अधिकारी यांचे सेवेसी' ही ओळ पुन्हा मराठीत दिसली, तेव्हा डोळ्यांत पाणी आले. आता आम्ही ती उत्तरे एकेक करून युनिकोडमध्ये आणत आहोत आणि प्रत्येकाची पीडीएफही ठेवत आहोत. ज्यांच्याकडे जुने मराठी दस्तऐवज आहेत, त्यांनी फाइलींबरोबर फाँटचीही प्रत ठेवावी.

या काळात मी केंद्रीय जीएसटी नियमांतील नियम ५७ पुन्हा वाचला. सोळा वर्षांच्या व्यवसायात कायदे कायम हाताशी असूनही या नियमाकडे मी नीट पाहिले नव्हते. संगणकावरील नोंदींचा योग्य बॅकअप असा ठेवावा, की अपघाताने किंवा नैसर्गिक कारणाने त्या नष्ट झाल्या तर वाजवी काळात त्या पूर्ववत करता याव्यात, असे त्यात म्हटले आहे. जीएसटी कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून बहात्तर महिने सांभाळावे लागतात. कंपन्यांसाठी तर २०२२ च्या दुरुस्तीपासून भारतातील सर्व्हरवर रोजचा बॅकअप आवश्यक आहे. नियमाने मागितलेली गोष्ट 'प्रत' ही नाही, 'पूर्ववत करता येणे' ही आहे, आणि आम्ही नेमके तेच कधी करून पाहिले नव्हते.

आता आमची पद्धत अशी आहे. दोन टेराबाइटच्या दोन डिस्क घेतल्या, दोन्ही मिळून १३,२०० रुपये. त्या आठवड्याआड आलटून पालटून वापरतो. एक कार्यालयात, दुसरी माझ्या घरी, आणि काम झाले की लगेच काढून ठेवतो, कारण जोडलेली डिस्क खंडणीखोर व्हायरसच्या तावडीत मूळ डेटाबरोबरच सापडते. बॅच फाइल आता अक्षरावर विसंबत नाही. डिस्कवर ठेवलेली एक खुणेची फाइल दिसली तरच पुढे जाते, शेवटी किती फाइली उतरल्या ते दाखवते आणि कीबोर्डवरची कळ दाबल्याशिवाय खिडकी मिटत नाही. संपूर्ण यंत्राची एक प्रतिमा, म्हणजे विंडोज आणि सॉफ्टवेअरसकट जशीच्या तशी प्रत, दर महिन्याला घेतो आणि ती चढवण्यासाठी लागणारा पेनड्राइव्ह प्रत्यक्ष लावून यंत्र त्यावरून सुरू होते की नाही, हे पाहिले आहे. गुगल ड्राइव्हवर एक प्रत जाते, पण तिला मी बॅकअप मानत नाही: इथे चुकून पुसलेली फाइल तिथूनही पुसली जाते आणि तिथल्या कचरापेटीत तीस दिवसच राहते. ३१ मार्च हा जगभर बॅकअप दिवस म्हणून पाळला जातो. आपल्याकडे त्याच दिवशी आर्थिक वर्ष संपते, तेव्हा वर्षअखेरीच्या संपूर्ण प्रतीसाठी मी तोच दिवस ठरवला आहे.

आणि एक वही केली आहे. तारीख, कोणी प्रत घेतली, कोणत्या डिस्कवर, किती फाइली, आणि शेवटचा रकाना 'उघडून पाहिले' असा. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी चिठ्ठी टाकून एका व्यापाऱ्याचे नाव काढायचे, त्याचा हिशेब प्रतीवरून जुन्या लॅपटॉपवर चढवायचा आणि तेरीज, म्हणजे सर्व खात्यांच्या शिलकांची यादी, मूळ यंत्राशी ताडून पाहायची. पहिली वेळ २ ऑगस्टला आली. चिठ्ठी किराणावाल्या काकांची निघाली. माझ्या धाकट्या सहकारीने हिशेब चढवला, दोन्ही पडद्यांवर तेरीज उघडली आणि एकेक खाते मोठ्याने वाचू लागली. सव्वीस मिनिटे लागली. ती वहीत नोंद करत असताना मी काकांना फोन लावला आणि त्यांची बिलबुके घेऊन जायला सांगितले.